मामंजींचा फवारा आणि माझं माहेर

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरात एक हौशी आणि हट्टी माणूस असलं की ते आपोआप साचत जातात, आणि आमच्या चौलच्या घरात ते माणूस म्हणजे माझे सासरे. गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मी मामंजी म्हणायचे.

बायका जमल्या की कुणी सासूचे किस्से सांगते, कुणी नणंदेचे. मी सांगते ते नळाचे! ऐकणाऱ्या पोट धरून हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? त्यातले निम्मे सांगताना माझी कानशिलं अजून तापतात. एकोणीसशे तीसच्या आगेमागेच्या या गोष्टी. एवढी वर्षं लोटली, पण लाज काही जुनी होत नाही बाई!

* * *

सगळ्याचं मूळ माझ्या लग्नात आहे.

माझे वडील पेणला शाळामास्तर. वऱ्हाड आदल्या दिवशी आलं आणि जानवसघरात उतरलं. पहाटे अंघोळीच्या पाण्याचे हंडे चढले. थंडी कडाक्याची, वऱ्हाड भलंमोठं, आणि मामंजींना सकाळी लांब फिरून येऊन सगळ्यांच्या शेवटी अंघोळीला बसायची सवय. ते पाटावर बसले, पहिला तांब्या डोक्यावर घेतला आणि किंचाळलेच. हंडा संपत आला तसं कुणा शहाण्यानं त्यात विहिरीचं पाणी ओतून ठेवलं होतं!

"व्याह्याला गार पाण्यानं अंघोळ? आम्ही काय म्हशी आहोत?"

झालं! मामंजी पाटावरून उठेनात. मुहूर्त टळायची वेळ आली. बाबा पागोटं काढून समोर उभे. शेवटी आळीतल्या घराघरांतून पाणी तापवून आणलं तेव्हा कुठे व्याही न्हाले. जानवसघर आमच्या घराला लागूनच. मी आत मुंडावळ्या बांधून बसले होते. शब्दन् शब्द ऐकू येत होता. लग्नाच्या दिवशी नवरीला रडू येतंच, त्यामुळे माझं खरं रडू कुणाच्या लक्षात आलं नाही.

लग्न लागलं, पण माझं माहेर त्या गार पाण्यात बुडालं ते बुडालंच. मंगळागौर आली, दिवाळसण आला. मला पेणला पाठवायचा विषय निघाला की मामंजींचं उत्तर ठरलेलं.

"तिथं अंघोळीला पाणी मिळत नाही. पोर आजारी पडायची!"

आणि बाबा लाजेनं चौलची पायरी चढत नसत. मधल्या मधे मी!

* * *

फवाऱ्याची हौस मामंजींना त्यातूनच लागली असं माझं मत आहे. मुंबईत कुणा बड्या माणसाच्या बंगल्यात त्यांनी तो पाहिला. एक नळ गरम, एक नळ गार, दोन्ही सोडले की डोक्यावर कोमट पाण्याची धार. ते परत आले ते लोखंडी पाईप, दोन पितळी नळ आणि सूर्यफुलाएवढी एक चाळण घेऊनच.

"येऊ देत ते पेणचे मास्तर कधीतरी! अंघोळ कशी घालतात ते दाखवतो त्यांना!"

आमची सुपारीची वाडी. बैल रहाट ओढायचा, विहिरीतलं पाणी गाडग्यांतून वर यायचं आणि जांभ्याच्या उंच खांबांवरच्या टाकीत पडायचं. गार नळ त्या टाकीला जोडला. गरम नळ जोडला तांब्याच्या बंबाला. न्हाणीघर दोन पायऱ्या खाली आणि बंब मागच्या पुरुषभर उंच ओट्यावर. म्हणजे गरम पाणी फवाऱ्याच्या जेमतेम वर, आणि गार पाणी पार माडीएवढ्या उंचीवर. त्यात काही चुकलंय असं कुणालाच वाटलं नाही.

उद्घाटनाला सगळी पाखाडी, म्हणजे आमची आळी, अंगणात जमली. मामंजी पंचा नेसून आत गेले, दार लावलं आणि दोन्ही नळ सोडले. गार पाणी असं जोरात आलं की चाळणीतून बाहेर पडायला त्याला वाट पुरेना. मग ते मिळेल त्या वाटेनं घुसलं, म्हणजे गरम पाण्याच्या पाईपातून उलटं बंबात! बंब भरला, उतू गेला, आणि त्याच्या पोटातला विस्तव फस्सदिशी विझला. ओट्यावरून राखेचा आणि वाफेचा ढग उठला. लोक पळाले!

मामंजी काकडत बाहेर आले. शेजारच्या भाऊंनी अंगावरची राख झटकत विचारलं, "अण्णा, अंघोळ झाली ती नक्की कोणाची? तुमची की बंबाची?"

नवी सून म्हणून मी पेढ्यांचं ताट घेऊन उभी होते. पेढ्यांवर राख. तसेच वाटले मी ते.

* * *

मग रेवदंड्याहून हसनमियांना बोलावलं. ते बरीच वर्षं आगबोटीच्या इंजिनात काम करून परतलेले, आणि बोटीवर जे होतं ते जमिनीवर कुठेच नाही असं त्यांचं ठाम मत. आल्याबरोबर त्यांनी टाकीकडे बघितलं, बंबाकडे बघितलं आणि पानाची पिंक टाकली.

"अन्नासाब, तुमचा ठंडा पानी माडीवर, नि गरम पानी अंगनात. माडीवाला अंगनवाल्याचं कशाला आयकल?"

म्हणणं पटण्यासारखं होतं. पण त्यांनी आधी नळ खोलून बघायचं ठरवलं, आणि नेमक्या त्या वेळी आत्याबाई तिथून चालल्या होत्या. आत्याबाई म्हणजे मामंजींच्या विधवा थोरल्या बहीण. सोवळं असं कडक की वाऱ्यालासुद्धा विचारून यावं लागे. हसनमियांच्या हातात नळातून काढलेली एक काळी चकती त्यांना दिसली.

"ते काय रे?"

"वायसर हाय, बाय. कातड्याचा."

आत्याबाई मटकन खालीच बसल्या. कातडं! पाणी कातड्याला शिवून येतं! मामंजींच्या तोंडचं पाणी पळालं. आत्याबाईंपुढे त्यांचं कधी काही चाललं नव्हतं. हसनमियांनी खूप समजावलं, पण मामंजींनी शेवटी स्वतःच शक्कल काढली. सुपारीची विरी घ्यायची, म्हणजे झावळीच्या बुडाचा तो जाड, चिवट भाग, आणि तिच्या गोल चकत्या कापून नळात बसवायच्या. वाडीत विरीला काय तोटा!

गार नळात चकती छान बसली. गरम नळात तिला गरम पाणी लागलं, ती भिजून टम्म फुगली आणि नळ बुजला. आता गार पाणी धो धो आणि गरम पाणी थेंब थेंब! तरी मामंजी येईल त्याला सांगायचे, "संपूर्ण स्वदेशी फिटिंग आहे!" खादीची टोपी घातलेला एक पाहुणा तर त्या नळाला नमस्कार करून गेला. हिवाळाभर आमचं सगळं घर त्या थेंबांखाली कुडकुडत उभं राहिलं.

शेवटी मीच धीर करून विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला तरी बरं वाटतं ना आता त्या पाण्यानं?"

"मला?" आत्याबाई म्हणाल्या. "मी कुठे जाते त्याखाली! मी आपली विहिरीवर जाते."

* * *

कातडं गुपचूप परत बसलं आणि गरम पाणी सुरू झालं. पण तेवढ्यात वकिलांचं प्रकरण झालं.

मामंजींचे अलिबागचे वकील मुक्कामाला आले. मामंजींनी त्यांना कौतुकानं फवाऱ्याखाली धाडलं. बंब आज चांगला रसरसलेला. गार नळ अगदी बेतानं सोडायचा, गरम नळ पूर्ण सोडायचा, असं सगळं नीट शिकवून झालं. वकीलसाहेब आत गाणं म्हणू लागले.

तिकडे वाडीत आमच्या सीताराम गड्यानं पोफळींना पाणी द्यायला टाकीची खालची मोठी तोटी उघडली. सगळं गार पाणी वाडीकडे धावलं. फवाऱ्यात उरलं ते नुसतं कढत!

गाणं बंद. किंकाळी. दार धाडकन उघडलं आणि वकीलसाहेब पंचा सावरत बाहेर धावले ते थेट पुढच्या अंगणात. आणि अंगणात काय होतं? माझं चैत्रातलं हळदीकुंकू! आरास मांडलेली, पाखाडीतल्या झाडून सगळ्या बायका बसलेल्या, आणि मी एका हातात गुलाबदाणी, दुसऱ्यात अत्तरदाणी घेऊन उभी! बायकांनी पदर तोंडावर घेतले. माझे दोन्ही हात अडकलेले, मला तेवढंही करता आलं नाही. मी डोळे मिटले आणि गुलाबपाणी शिंपडत राहिले. ते कुणावर पडलं देव जाणे!

तेवढ्यात वाडीतून सीतारामची हाक आली.

"वकीलसाब, हिकडं पोफलीखाली येवा! गार पानी हितं हाय!"

* * *

यावर मामंजींनी उपाय काढला तो घंटेचा. अंघोळीला जाणाऱ्यानं आधी घंटा वाजवायची. घंटा वाजली की वाडीत, स्वयंपाकघरात, कुणीही पाण्याला हात लावायचा नाही. देवळातली असते तशी खणखणीत पितळी घंटा त्यांनी न्हाणीघराच्या दाराशी टांगली. घंटा नीट वाजवली तर कुणी भाजत नव्हतं, हे कबूल करायला हवं.

पण घंटा पाखाडीच्या टोकापर्यंत ऐकू जायची! कोण कधी न्हालं हे सगळ्या गावाला कळायला लागलं. मामंजींच्या घंटेवर लोक मुलांना शाळेत धाडायचे. ते ठीक आहे, पुरुष माणूस. माझं काय? लग्नाला जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालेलं, वय ते काय! मी घंटा हाताच्या मुठीत धरून हळूच वाजवायचे. मग सीतारामला ऐकू यायची नाही आणि अंगावर कढत पाणी. जोरात वाजवली तर अब्रू जायची. अंगाची कातडी सांभाळू की अब्रू सांभाळू, रोजचाच प्रश्न!

आमचे हे मुंबईत नोकरीला. शनिवारी बोटीनं रेवसला उतरून यायचे. एका सोमवारी मी देवळात गेले, तर गाभाऱ्याबाहेर बसलेल्या एक वयस्क काकू सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "काय गं, काल तुमची घंटा भल्या पहाटेच वाजली! मुंबईकर आले होते वाटतं?"

मी देवाला नमस्कार न करताच घरी आले.

* * *

मग हसनमियांनी शेवटचा इलाज केला. अंगणातल्या पाण्याला माडीवर नेलं. गार टाकीला लागूनच, त्याच उंचीवर, तांब्याचं एक पिंप बसवलं, दोन्ही पाईप सारख्या जाडीचे घातले, आणि काय सांगू! दोन्ही पाणी एका जोरानं आलं. मामंजींनी हसनमियांना मिठीच मारली.

गंमत एवढीच की वर लाकडी फळ्यांवर विस्तव पेटवता येईना. म्हणजे पाणी तापायचं खाली बंबात आणि ते न्यायचं शिडीवरून वर पिंपात. टाकी मोठी, पिंप लहान. अंघोळ चालू असताना पिंप उपसलं जायचं, गरम पाण्याचा जोर घटायचा आणि पुन्हा गार पाण्याची दादागिरी सुरू! तेव्हा कुणीतरी शिडीवर उभं राहून पिंपात सारखं गरम पाणी ओतत राहायचं.

"बोटीवर ह्याला पंप असतो," हसनमिया म्हणाले. "तुमच्याकडे सीताराम हाय."

बंबाचं झाकण घट्ट बसवून टाकीतूनच त्याला पाणी जोडलं असतं तर दोन्हीकडचा जोर आपोआप सारखा झाला असता, शिडी नको की सीताराम नको. हे आम्हाला कळलं फार पुढे. तेव्हा मात्र चौलात फवारा बघायला माणसं यायची, आणि सीताराम आडोशाला शिडीवर उभा राहून ओतायचा. मामंजींनी त्याला सक्त ताकीद दिली होती की पाहुण्यांसमोर आवाज करायचा नाही. पाहुणे म्हणायचे, "वा! काय यंत्र आहे!" मामंजी मिशीत हसायचे.

डोक्यावर सीताराम उभा आहे हे माहीत असताना मी कशी जाणार त्याखाली? मी आपली बादली घेऊन मोरीत बसायचे. घरात फवारा असून पुन्हा बादलीवर आलेली चौलातली पहिली सून मीच!

* * *

पुढे मला दिवस गेले. सातवा लागला. पहिलटकरणीनं माहेरी जायचं, ही सगळ्या जगाची रीत. ह्यांनी एका रविवारी जेवताना विषय काढला. मामंजींनी पानातला हात थांबवला.

"बाळंतिणीला रोज घंगाळभर कडकडीत पाणी लागतं. व्याह्याला एक दिवस देता आलं नाही, ते सव्वा महिना कुठून देणार?"

"अण्णा, पाणी तापवायला साधी चूल पुरते हो."

"चूल पुरली असती तर तुझ्या लग्नात मी काकडलो असतो का?"

ह्यांनी पुन्हा भात कालवायला घेतला. मी आमटीचं भांडं घेऊन आत गेले आणि चुलीपाशी बसून रडले. मला आईजवळ जायचं होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात बाई माणूस म्हणजे एक आत्याबाई, आणि त्या सोवळ्यात. बाळंतपणाची मला भीती वाटत होती. जीव मुठीत धरून दिवस काढत होते, आणि सगळं अडलं होतं एका हंडाभर पाण्यावर! हे लाजेनं कुणाला सांगता येत नव्हतं.

* * *

आणि एका सकाळी बाबा दारात उभे! धरमतरची खाडी होडीतून ओलांडून, सर्व्हिस मोटारीनं धूळ खात आलेले. मुलीसाठी त्यांनी लाज गिळली होती.

नेमकी त्या दिवशी दत्ताच्या डोंगरावर जत्रा. सीतारामसकट सगळी गडीमाणसं जत्रेला, आत्याबाई दर्शनाला. घरात मामंजी आणि मी.

बाबांनी ओसरीवर टेकायच्या आत हात जोडले. "अण्णासाहेब, मुलीला न्यायला आलोय."

"ते बघू," मामंजी म्हणाले. "प्रवासाचं अंग आहे, आधी अंघोळ करून घ्या." आणि त्यांचे डोळे चमकले. किती दिवस वाट पाहिली होती त्यांनी या सकाळची! स्वतः न्हाणीघर दाखवलं. "हा गरम, हा गार. दोन्ही सारखे सोडायचे. कमीजास्त काही करावं लागत नाही!" स्वतःच घंटाही वाजवली.

बाबांनी दार लावलं. मामंजी ऐटीत मागच्या बाजूला आले, शिडीकडे बघितलं, आणि तेव्हा त्यांना जत्रा आठवली.

मी बंबातलं पाणी कळशीत काढत होते. म्हटलं, "मामंजी, मी ओतते."

"तू? या अवस्थेत शिडीवर? खबरदार!"

आत फवारा सुरू झाला होता. मामंजींनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग धोतराचा काचा मारला, कळशी उचलली आणि शिडीवर पाय ठेवला. पोट आधी शिडीला लागायचं आणि मग पाय पुढच्या पायरीवर पडायचा. पण चढले! पिंपात ओतलं, उतरले, पुन्हा चढले. तोंडाला बंबाची काजळी, अंगाला घामाच्या धारा.

आतून बाबांचा आवाज आला. "अण्णासाहेब! वा! काय सारखं पाणी आहे हो! कमाल आहे!"

मामंजी शिडीवर. बोलायची सोय नाही.

"अण्णासाहेब, ऐकताय ना?"

मामंजींनी वरून मला खूण केली. मी म्हटलं, "बाबा, ते झोपाळ्यावर बसलेत." बोलताना माझी मलाच शरम वाटली.

तेवढ्यात वर कळशी हिंदकळली आणि कढत पाणी मामंजींच्या पायावर पडलं.

"आई गं!"

आतलं पाणी थांबलं. दार उघडलं. बाबा ओल्या पंचानं, डोक्याला साबणाचा फेस तसाच, बाहेर आले. आधी माझ्याकडे बघितलं, मग वर.

मुलाच्या बापानं मुलीच्या बापाला पाणी घातलंय, असं आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं की ऐकलं नव्हतं. मामंजी काजळीनं माखलेले, काचा मारलेले, हातात रिकामी कळशी. त्यांना खाली बघवेना, बाबांना वर बघवेना. माझं तर विचारूच नका. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

"अहो, हे काय!" बाबांनी पुढे होऊन शिडी धरली. "उतरा आधी. पाय भाजला तुमचा. झाली माझी अंघोळ."

"कुठे झाली?" मामंजी म्हणाले. आवाज अगदी बारीक. "डोक्याला साबण आहे अजून."

"राहू दे. खरंच, राहू दे हो."

"आत जा, मास्तर. पाणी निवतंय."

बाबांनी शिडीवरचा हात काढला. मग आत गेले आणि दार लोटून घेतलं. फवारा पुन्हा सुरू झाला.

मामंजी शेवटच्या पायऱ्यांपर्यंत उतरले आणि त्यांनी हात पुढे केला. मी दुसरी कळशी दिली. ती त्यांनी वर नेऊन सावकाश पिंपात रिकामी केली.

"पेटी भरलीस का?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग इथे काय उभी राहिलीस? मास्तरांची अंघोळ आटपेल आता!"